छोट्या बेटराष्ट्रांचा धडा वर्गात कसा घ्यावा

सोलापूरच्या मुलांनी दुष्काळ पाहिलेला असतो, समुद्र क्वचितच. म्हणून हा धडा नकाशापासून नव्हे, तर पाण्यापासून सुरू करावा. काचेच्या पेल्यात नीळ घातलेले मिठाचे पाणी अर्ध्यापर्यंत भरावे आणि उलट्या चमच्यावरून साधे पाणी अगदी हळू सोडावे. ते वर वेगळे राहते. प्रवाळबेटांच्या वाळूखाली पावसाचे गोडे पाणी असेच खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. आता नळीचे टोक निळ्या थराच्या किंचित वर धरून पाणी जोराने ओढावे. नळीत निळे पाणी चढलेले दिसले, की अतिउपशाने विहीर खारी कशी होते हे वेगळे समजावावे लागत नाही.

त्यानंतर भिंतीवर खडूने १ मीटर आणि २.४ मीटर उंचीवर रेघा ओढाव्यात. मालदीवची सुमारे ८० टक्के जमीन पहिल्या रेघेच्या खाली आहे आणि तिथली सर्वांत उंच नैसर्गिक जागा दुसऱ्या रेघेजवळच संपते.

आर्थिक बाजू शिकवताना केवळ दरडोई उत्पन्न सांगू नये, कारण तेवढ्याच आकड्यावरून काही बेटे सुखवस्तू ठरतात आणि सवलतीच्या कर्जाला मुकतात. हा मला उघड अन्याय वाटतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ मध्ये बहुआयामी असुरक्षितता निर्देशांक, म्हणजे उत्पन्नापलीकडे जाऊन देशाला असलेले आर्थिक, पर्यावरणीय आणि सामाजिक धोके मोजणारे माप, स्वीकारला, तो याच त्रुटीमुळे. २०१७ च्या मारिया चक्रीवादळाने डॉमिनिका या कॅरिबियन बेटराष्ट्राचे झालेले नुकसान त्या देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे २२६ टक्के होते. वर्षाला लाख रुपये मिळवणाऱ्या घराचे एका रात्रीत सव्वादोन लाखांचे नुकसान झाले, अशा शब्दांत हे फळ्यावर मांडावे. एकाच पिकावरची भिस्त समजावण्यासाठी मॉरिशस घ्यावा. तिथे मराठी भाषक समाज आहे, तिथली साखर मुख्यतः युरोपला जात असे, आणि २००६ पासून युरोपीय संघाने साखरेचा आधारभाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवल्यावर तिथल्या ऊसउत्पादकांवर काय ओढवले असेल, हे ऊसपट्ट्यातल्या मुलांना चटकन उमगते.

मात्र उजनीच्या तुटवड्याशी बेटांची सरसकट बरोबरी करू नये. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले; डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी मालेच्या क्षारनिर्मूलन केंद्राला (समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या केंद्राला) आग लागली, तेव्हा भारतातून विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी न्यावे लागले. शेवटी मुलांना घरातल्या दहा वस्तू लिहायला सांगाव्यात आणि जहाज महिनाभर आले नाही तर त्यांतल्या कोणत्या उरतील, तेवढ्यांवरच खूण करायला लावावी.