कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नसेल तर

स्वतःच्या प्लॉटवर घर बांधायचं ठरवलं की पहिला मनस्ताप हाच. "उद्या येतो साहेब" म्हणणारा कॉन्ट्रॅक्टर आठवडाभर गायब! आधी वेळ बघा. मार्च ते मे त्याची पावसाआधी स्लॅब टाकून घ्यायची धावपळ चालू असते. नवीन कामाची बोलणी जुलै-ऑगस्टमध्ये करा, तेव्हा तो निवांत बसून बोलतो.

दुसरं, "स्क्वेअर फुटाला काय रेट?" एवढंच विचारू नका. असे फोन त्याला दिवसभर येतात. आर्किटेक्टचा नकाशा, आरसीसी ड्रॉइंग (कॉलम, बीम, स्लॅबमधल्या सळ्यांचा नकाशा) आणि प्लॉटपर्यंत ट्रक जातो का याचा एक फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. खाली लिहा: रेट मटेरियलसह की फक्त लेबर? मोजणी स्लॅबच्या क्षेत्रावर की कार्पेटवर, म्हणजे भिंती सोडून आतल्या जागेवर? पाण्याची टाकी आणि कंपाउंड धरलंय का? शेवटी उत्तराची तारीख टाका. ज्याला काम हवंय तो यावर बोलतोच.

तरीही गप्प असेल, तर सकाळी नऊच्या सुमारास त्याच्या चालू साइटवर जा. सेंटरिंग (स्लॅब ओतताना खाली लावलेला फळ्या-टेकूंचा साचा) नीट आहे का, भिंतींवर पाणी मारतात का, हेही दिसेल. तिथल्या घरमालकाशी दोन शब्द बोला, मला तरी याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

दोनदा तारीख टळली की दुसरा माणूस बघा, आणि तोवर कुणालाही ॲडव्हान्स देऊ नका. काम सुरू होण्याआधीच न भेटणारा माणूस पैसे घेतल्यावर भेटेल, अशी आशा कृपया धरू नका.