तिसऱ्या रंगाला जागा किती?

डिझायनर म्हणून माझं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे एका काकूंच्या घरगुती मसाल्याचं लेबल. मिरचीचा लाल, हळदीचा पिवळा, कोथिंबिरीचा हिरवा. तिन्ही रंग मसाल्यातलेच, मग चुकणार कुठे? तिघांना सारख्या पट्ट्या वाटून दिल्या. काकूंनी लेबल लांब धरून बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे गं, पण सिग्नल वाटतोय."

ऑफिसातल्या सीनिअर ताई त्या दिवशी इरकल नेसून आल्या होत्या. निळं अंग, तांबडे काठ-पदर आणि पदरावर पांढरी नक्षी. त्यांनी पदरच माझ्यापुढे धरला. "यात पांढरा किती आहे? आणि नजर कुठे जाते?" नजर पांढऱ्यावरच जात होती. ६०-३०-१० (मुख्य रंग साठ टक्के, दुसरा तीस, तिसरा दहा) हा इंटिरियरवाल्यांचा लाडका हिशेब मी कॉलेजात पाठ केला होता, पण कळला तो त्या पदरावर. तो फूटपट्टी लावून पाळायचा नसतो. एक रंग पसरतो, दुसरा त्याला धरून ठेवतो आणि तिसरा फक्त खूण करतो, एवढं सांभाळलं की पुरे.

नव्या लेबलवर पांढरी जागा मोठी ठेवली, लाल पट्टीत पांढऱ्या अक्षरांत नाव टाकलं आणि हिरवा फक्त एका पानापुरता. पिवळा काढून टाकला. जिवावर आलं होतं, पण काढला.

खरा फटका पुढे बसला. दुसऱ्या खेपेला काकूंना 'गावरान' लूक हवा होता, म्हणून तीच फाइल खाकी क्राफ्ट कागदावर छापायला दिली. लाल विटकरी झाला, हिरवा काळपट, आणि नावाची पांढरी अक्षरं चक्क खाकी! नेहमीच्या छपाईत चारच शाया: सायन, मजेंटा, पिवळी, काळी. पांढरी शाई नसतेच, पांढरा म्हणजे उघडा राहिलेला कागद. शिवाय या शाया पारदर्शक, त्यामुळे खालचा कागद वरच्या रंगात मिसळतो. पांढरा हवाच असेल तर त्याचा वेगळा थर सांगावा लागतो आणि त्याचे पैसेही वेगळे. ती हजार लेबलं माझ्या खिशातून गेली. तेव्हापासून रंग निवडायच्या आधी मी विचारते, कागद कोणता?

आणखी एक सवय लावून घ्या. डिझाइन झालं की ते एकदा ग्रेस्केल करून, म्हणजे रंग काढून नुसत्या राखाडी छटांत बघा. माझा पहिला लाल आणि हिरवा तसे बघितले तर दोघे एकाच राखाडीत बुडाले होते. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, त्यांना ते लेबल कसं दिसलं असतं, याचा अंदाज यावरून येतो. वेबसाइटचं काम असेल तर बारीक मजकूर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५:१ ठेवा, तो मोजणारी फुकट साधनं भरपूर आहेत. छपाईत बारीक मजकूर शक्यतो एकाच शाईत, म्हणजे काळ्यात ठेवा. दोन शायांचा हिरवा घेतलात आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे एका शाईवर दुसरीचं नेमकं बसणं, जरा हललं, की प्रत्येक अक्षराला सावली फुटते.

घराच्या बाबतीत मीच फसले. राखाडी, मोरपंखी आणि मोहरी असे तीन रंग ठरवले, पण हॉलमधली पिवळसर फरशी आणि तपकिरी दारं मोजलीच नाहीत. पाच रंगांचा बाजार भरला. मोहरी उशा बहिणीला देऊन टाकल्या. शेड कार्डवरचा बोटभर तुकडा अख्ख्या भिंतीवर वेगळाच वाटतो, हेही तेव्हाच कळलं. आधी भिंतीच्या एका तुकड्यावर दोन हात मारून बघा, दिवसा आणि रात्री दिवे लावून. कपड्यांतही तेच, चपला आणि पर्स मोजायची राहून जाते.

काकूंनी पुढे हळदीचं पाकीट काढलं. त्यावर पिवळ्याला सगळ्यात मोठी जागा मिळाली. लाल आहे तो फक्त '१०० ग्रॅम' या आकड्यापुरता.