बाथरूमचं बजेट शोरूममध्ये ठरवू नका: नूतनीकरणातल्या या चुका टाळा

पुण्यातल्या सहकारनगरमधली आमची इमारत १९८७ सालची. तीन मजले, लिफ्ट नाही, आणि आम्ही सगळ्यात वर. २०२२ मध्ये हॉलजवळचं बाथरूम नव्याने करायला घेतलं तेव्हा वहीत आकडा लिहिला होता १,४०,००० रुपये. काम संपल्यावर बेरीज आली २,०३,०००. वरचे ६३,००० कुठे गेले ते मी नंतर एका पानावर मांडलं: कोबा आणि वॉटरप्रूफिंग २१,०००, भिंतीतले जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप बदलायला १४,०००, राडारोडा आणि हमाली ९,०००, दाराची चौकट ७,५००, गिझरची वायर ६,५००, वाढीव टाइल्स आणि किरकोळ ५,०००. यातलं जवळजवळ काहीच आज डोळ्यांना दिसत नाही. पैसा फरशीखाली गेला, भिंतीत गेला आणि गोण्यांतून जिना उतरून गेला.

दोन वर्षांनी आतलं बाथरूम केलं तेव्हा वही उलट्या बाजूने भरली. आधी न दिसणारी कामं, मग दिसणाऱ्या वस्तू. ते काम ठरवलेल्या रकमेत बसलं. पहिल्या खेपेला काय चुकलं, ते इथे सांगते. आकडे आमच्या घरचे आहेत, तुमच्याकडे ते वेगळे येतील. चुका मात्र पुण्यातल्या तीस-चाळीस वर्षं जुन्या सोसायट्यांमध्ये घरोघरी त्याच होतात.

पहिली चूक: फरशीखाली काय आहे ते न बघता आकडा ठरवणं

जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्या खोलगट भागात विटांचे तुकडे आणि चुना-सिमेंट भरून कोबा केलेला असतो, आणि त्यातूनच ड्रेनेजचे पाइप जातात आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं, बसवलेला असतो. तीस वर्षं सांध्यांतून पाणी झिरपलं की हा कोबा स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. वरून फरशी कोरडी ठणठणीत दिसते.

आमच्या कोटेशनमध्ये ‘वॉटरप्रूफिंगसह’ असं लिहिलं होतं. मी समजले, झालं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ फक्त वरून केमिकलचे दोन हात असा होता. फरशी उचकटल्यावर मिस्त्रींनी कोब्यातला एक तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. तो इतका ओला होता की मूठ दाबल्यावर बोटांतून पाणी आलं. “ताई, याच्यावर टाइल्स लावल्या तर वर्षभरात खालच्या काकू तुमच्या दारात येतील,” असं ते म्हणाले. ते खरंच होतं. सगळा कोबा स्लॅबपर्यंत काढला, ट्रॅप बदलला, स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचं कोटिंग, मग नवा कोबा, त्यावर पुन्हा कोटिंग.

म्हणून कोटेशन घेतानाच विचारा: कोबा काढणार की ठेवणार? कोटिंग कुठे, किती हात, आणि भिंतीवर किती उंचीपर्यंत? फरशीपासून किमान एक फूट आणि शॉवरच्या बाजूला सहा फूट तरी हवं. ट्रॅप नवा की जुनाच? उत्तरं कागदावर घ्या. खालच्या घरात जाऊन त्यांच्या छतावर डाग आहे का तेही आधीच बघा. डाग असेल तर कोबा काढण्याचा खर्च धरूनच चाला.

कोटिंग वाळल्यावर आणि टाइल्स लावण्याआधी पाणी साठवून बघायला विसरू नका. ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करायचं, दोन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलीने खूण करायची आणि ४८ तास वाट बघायची. सकाळ-संध्याकाळ खालच्या छताला हात लावून या. कामगार म्हणतील दोन दिवस वाया जातात. जाऊ देत. इथे गळती सापडली तर दुरुस्तीला एक दिवस लागतो. टाइल्स लागल्यावर सापडली तर सगळं काम पुन्हा करावं लागतं.

गळतीचा खर्च कोणाचा यावर सोसायट्यांत नेहमी वाद होतात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपातली आणि ड्रेनेज लाइनमधली गळती संस्थेने दुरुस्त करायची असते, तर संडास, सिंक यांमुळे होणारी आतली गळती सभासदाने स्वखर्चाने. तोडफोडीत डक्टमधला (सगळ्या मजल्यांचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतला) सामाईक पाइप फुटका सापडला तर फोटो काढा, सचिवांना लगेच लेखी कळवा आणि उत्तर येईपर्यंत तो भाग बुजवू नका. तो खर्च गुपचूप आपल्या माथी घेऊ नका.

राडारोडा हिशेबात न धरणं

सात बाय चारच्या बाथरूममधून किती माल निघेल असं वाटतं? आमच्याकडून ऐंशीच्या वर गोण्या निघाल्या. तीन मजले उतरवायला बिगारी वेगळे, टेम्पो वेगळा. वर येणारी वाळू, सिमेंट, टाइल्स यांचीही मजल्याप्रमाणे हमाली. ‘तोडफोड अमुक रुपये’ या ओळीत गोण्या भरणं, उतरवणं आणि नेऊन टाकणं धरलंय का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. कुठे टाकणार तेही विचारा. नदीपात्रात किंवा टेकडीच्या कडेला राडारोडा टाकणं बेकायदा आहे, आणि स्वस्तातला टेम्पो बरेचदा तिकडेच वळतो. मुठेचं जे झालंय त्यात आपल्या बाथरूमच्या गोण्यांची भर पडू नये असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

टाइल्सचा हिशेब पेटीवर आणि अंदाजावर करणं

आमचं बाथरूम ७ बाय ४ फूट. भिंतींची एकूण लांबी २२ फूट, टाइल्सची उंची ७ फूट, म्हणजे १५४ चौरस फूट. दार आणि खिडकी वजा जाता साधारण १३५. दुकानदार म्हणाला, एका पेटीत दहा फूट, चौदा पेट्या पुरतील. मी चौदा घेतल्या.

दोन गोष्टी सुटल्या. ज्याला आपण एक बाय दोन फुटांची टाइल म्हणतो ती प्रत्यक्षात ३०० बाय ६०० मिमी असते, म्हणजे २ नव्हे तर १.९४ चौरस फूट. पाच टाइल्सच्या पेटीत दहा नाही, ९.७ फूट. दुसरं, कोपऱ्यात आणि नळांच्या भोकांशी कापण्यात माल जातो. त्यासाठी १० टक्के धरायलाच हवेत. १३५ चे झाले १४८.५, भागिले ९.७, म्हणजे १६ पेट्या. शेवटच्या दिवशी दोन पेट्या कमी पडल्या. पुन्हा दुकानात गेले तर तोच डिझाइन नंबर, पण बॅच वेगळी. आज दारामागची ती भिंत बाकीच्या तीन भिंतींपेक्षा किंचित पिवळसर दिसते.

पेटीवरचा बॅच आणि शेड नंबर सगळ्या पेट्यांवर जुळवून घ्या. न फोडलेली पेटी परत घेणार का, हे बिलावर लिहून घ्या. आणि तरीही एक पेटी माळ्यावर ठेवा, पुढेमागे पाइपसाठी भिंत फोडावी लागली तर ती टाइल बाजारात मिळणार नाही.

भाव विचारताना ‘जीएसटी धरून का?’ एवढं प्रत्येक ठिकाणी विचारा. टाइल्स, सॅनिटरी वेअर आणि नळ यांवर १८ टक्के जीएसटी आहे. ६०,००० च्या खरेदीवर तो १०,८०० होतो.

वस्तू आधी, मोजमाप नंतर

भवानी पेठेतल्या दुकानांत फिरताना कमोड आवडला म्हणून लगेच उचलू नका. आधी घरचा पाइप जमिनीत जातो की भिंतीत ते बघा. जमिनीत जात असेल तर एस ट्रॅप, भिंतीत जात असेल तर पी ट्रॅप. एस ट्रॅपमध्येही तयार भिंतीपासून, म्हणजे टाइल्स लागल्यावर, पाइपाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. ४, ९, १२ इंच असे वेगवेगळे कमोड येतात. चुकीचा आणला तर एक तर कमोडमागे मोकळी जागा राहते, नाहीतर तो बसतच नाही. कमोडची जागा बदलायचा मोहही टाळा. डक्टपासून तो जितका लांब नेऊ तितका उतार आणि तितकी फरशी उंच.

मोठ्या रेन शॉवरचंही तसंच. शोरूममध्ये पंप लावलेला असतो. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतून पाणी नुसतं उताराने येतं. दहा मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावर शॉवर आणि टाकी यांच्यात दोन मीटरचं अंतर असेल तर दाब फक्त ०.२ बार. खालच्या मजल्यावर झकास चालणारा शॉवर आमच्याकडे नुसता ठिबकला असता. बॉक्सवर लागणारा किमान दाब दिलेला असतो, तो वाचा. पंप लावणार असाल तर त्याची किंमत आणि सोसायटीची परवानगी दोन्ही धरा.

गिझरला १६ अँपिअरचा पॉइंट, ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा. जुन्या वायरिंगवर हे ढकलू नका, हा जिवाचा प्रश्न आहे. गच्चीवर सोलर असेल तर त्याची गरम पाण्याची लाइन आणि गिझरची लाइन कुठे जोडली जाणार, हे झिरी मारण्याआधी, म्हणजे पाइपांसाठी भिंतीत खाचा पाडण्याआधी, ठरवा.

घरात वयस्कर माणसं असतील तर फरशीला मॅट टाइल्स आणि कमोडशेजारी पकडायचा दांडा पहिल्याच यादीत लिहा. आईसाठी तो आम्ही नंतर लावायला गेलो तेव्हा ड्रिलखाली पाइप येईल या भीतीने हात थांबत होता. दुसऱ्या बाथरूमच्या वेळी टाइल्स लावण्याआधी प्रत्येक भिंतीवर टेप धरून पाइपांचे फोटो काढले. फुकटात होतं आणि पुढे फार उपयोगी पडतं.

उक्तं ठरवलं म्हणून निर्धास्त राहणं

उक्त्या, म्हणजे एकरकमी ठरवलेल्या कामात ‘काय नाही’ हे लिहिलेलं नसतं. ग्राउट (टाइल्सच्या फटींत भरतात ते) सिमेंटचं की इपॉक्सीचं, चौकट आणि उंबरठा ग्रॅनाइटचा कोण आणणार, अँगल कॉक आणि जाळ्या कोणाच्या, मजुरीत नळ बसवणं आहे का, ते सगळं विचारा. उचल मोठी देऊ नका. आम्ही दुसऱ्या वेळी टप्पे केले: तोडफोड झाल्यावर, पाइप टाकून दाब तपासल्यावर, पाणी साठवून ४८ तास झाल्यावर, टाइल्स लागल्यावर. शेवटचे १० टक्के महिनाभर हातात ठेवले. एकूण रकमेच्या १५ टक्के ‘फरशीखाली काय निघेल’ म्हणून बाजूला ठेवले होते, ते बहुतेक सगळे लागलेच.

मध्येच गडबड झाली तर

पैसे कमी पडले: जे पुढे स्क्रूने लावता येतं ते थांबवा. काचेचं पार्टिशन, कपाट, आरसा, फॉल्स सीलिंग सहा महिन्यांनी होईल, फक्त त्यांचे पॉइंट आत्ता काढून ठेवा. ट्रॅप, पाइप, कोटिंग आणि भिंतीत जाणारी डायव्हर्टरची (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणाऱ्या कॉकची) बॉडी यांत काटकसर नको.

टाइल पोकळ वाजते: नाण्याने प्रत्येक टाइल ठोकून बघा, खास करून कोपरे. बद्द आवाज आला तर खडूने फुली मारा आणि ग्राउट भरायच्या आधी बदलून घ्या.

पाणी ट्रॅपकडे जात नाही: फुटाला साधारण ३ मिमी उतार लागतो. ग्राउटआधी एक बादली ओता आणि पाच मिनिटांनी बघा. डबकं राहिलं तर तेवढ्या टाइल्स तेव्हाच उचलायला लावा. ‘वापरून वापरून जाईल’ असं सांगतील, पण पाण्याला वापराने उतार सापडत नाही.

कामगार गावी गेले: होळी आणि दिवाळीच्या आसपास हे होणारच. एकच बाथरूम असेल तर या दिवसांत तोडफोड सुरूच करू नका. कोबा वाळणं आणि पाण्याची चाचणी धरून आमचं काम १७ दिवस चाललं.

आणि ते शेवटचे १० टक्के देण्याआधी एकदा खालच्या घरी जाऊन या. मी गेले तेव्हा काकूंनी स्टूल आणून दिलं. छतावरचा जुना डाग तसाच होता, पण बोट फिरवलं तर कोरडा पापुद्रा सुटून हातात आला.