ट्रायल्सच्या आधी पाळी थांबली तर खूश होऊ नका

जुलै आला, कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमची निवड जवळ आली, की माझ्या फोनवर दोनच प्रश्न येतात. दीदी ट्रायल्स कधी, आणि दीदी वजन किती कमी करू. (मराठी घरातल्या मुलीसुद्धा ग्राउंडवर दीदीच म्हणतात, इंदूर आहे शेवटी.) पहिल्याचं उत्तर नोटीस बोर्डवर असतं. दुसऱ्याचं उत्तर मी आजकाल एका शब्दात देते, नको. मग समोरून "पण सर म्हणाले" सुरू होतं, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते, पुढच्या वेळी हेच पाठवीन.

मी लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडची डिफेंडर. २०२२ला कॉलेजमध्ये आले, त्याच ऑक्टोबरमध्ये मुलींचा अंडर-१७ वर्ल्ड कप भारतात झाला आणि तो बघून मी टीममध्ये घुसले, त्याआधी फक्त लोकमान्य नगरच्या गल्लीत भावाच्या मित्रांबरोबर खेळायचे. आता एमए करतेय आणि नव्या मुलींना वॉर्मअप करवते. २०२५च्या जुलैत भारताच्या महिला टीमने थायलंडला २-१ हरवून एशियन कपचं तिकीट काढलं, संगीता बासफोरचे दोन्ही गोल, त्यानंतर ट्रायल्सना इतक्या मुली आल्या की बिब्स कमी पडल्या. छान वाटलं. आणि त्यातल्या निम्म्या उपाशी आल्या होत्या हे बघून पोटात गोळा आला.

साध्या गोष्टी पटकन. दहावीची मार्कशीट, फीची पावती, आधार, फोटो, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स आत्ताच काढून ठेवा, फॉर्मच्या शेवटच्या दिवशी दुकानासमोर रांग असते. स्टड (खाली खुंट्या असलेले बूट) नवीन घेतले असतील तर घरात, अंगणात घालून फिरा, पहिल्याच दिवशी घालून दीड तास खेळलात तर टाचेची सालं निघतील. आणि आपली माळव्याची काळी माती विसरू नका. पाऊस पडला की प्रत्येक पायाला किलोभर चिखल चिकटतो, पळताय की नांगर ओढताय कळत नाही, आणि आठ दिवस ऊन पडलं की तीच जमीन सिमेंटसारखी होते, वर भेगा. ओल्यात आणि कोरड्यात एकच लांब स्टड चालत नाहीत. कोरड्या कडक जमिनीवर टर्फचे, बारीक रबरी खुंट्यांचे घाला, कोणी कितीही हसलं तरी.

आता मुद्द्याचं.

२०२३, माझं सेकंड इयर. मे महिन्यात दोन लग्नं, आंबे, मावशीकडे मुक्काम, व्हायचं तेच झालं. जुलैत पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर वजनकाटा. माझं ५८. तेव्हाचे कोच हसून म्हणाले, "बेटा, डिफेन्स में दीवार चाहिए, पर इतनी भी नहीं." सगळे हसले, मीपण हसले. घरी येऊन ठरवलं, ट्रायल्सपर्यंत ५२.

पहाटे साडेपाचला रिंग रोडवर सहा किलोमीटर, संध्याकाळी प्रॅक्टिस, रात्रीचं जेवण बंद. वरून उपास. आता आपली इंदूरची गंमत अशी की इथला सावन पौर्णिमेनंतर लागतो आणि आपला मराठी श्रावण अमावास्येनंतर. टीममधल्या मुली सावन सोमवार करत होत्या तर मी त्यांच्याबरोबर केले, आणि घरी आजीचा श्रावण सुरू झाल्यावर तेही केले. त्यात २०२३ला अधिक श्रावण आलेला. १० जुलैपासून ११ सप्टेंबरपर्यंत सलग दहा सोमवार, आणि अकराव्या सोमवारी हरतालिका. देवाचं नाव होतं, मनात वजनकाटा होता, खोटं कशाला बोलू. उपासाला साबुदाण्याची खिचडी चालायची म्हणून आई निश्चिंत, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात काय ते दाणे पडतील तेवढंच प्रोटीन, आणि मी तर दाणे बाजूला काढायचे, फॅट असतं म्हणून.

आणि मेन गोष्ट ही की सुरुवातीला मी भारी खेळत होते. हे कोणी सांगत नाही. पहिले चार-पाच आठवडे खरंच हलकं वाटतं, स्प्रिंट फास्ट होतात, सगळे म्हणतात काय मेंटेन केलंय, सर उदाहरण देतात. तुम्हाला वाटतं जमलं. मलाही वाटलं, ऑगस्टअखेर ५१.

पाळी जूनच्या शेवटी आली होती. जुलैत नाही. ऑगस्टमध्ये नाही. सप्टेंबरमध्ये नाही. आणि मी खूश! पांढऱ्या शॉर्ट्सचं टेन्शन गेलं, प्रॅक्टिसच्या मध्ये बाथरूम शोधायचं टेन्शन गेलं (ग्राउंडवर जे बाथरूम आहे त्याबद्दल न बोललेलंच बरं). गणपती जवळ आलेले, आमच्या घरात गणपतीत अडचण नको म्हणून काकू दरवर्षी गोळ्या घेते, तर ती मला म्हणाली तुझं बरं आहे बाई, आपोआपच. मी मैत्रिणींना विचारलं तर सीनियर म्हणाली अगं हेवी ट्रेनिंगमध्ये होतंच, माझीपण नाही येत. म्हणजे आम्हाला वाटायचं की पाळी बंद होणं हे चांगल्या प्लेअरचं लक्षण आहे!!

तर हे नीट वाचा, कंटाळा आला तरी वाचा. महिनाअखेरीला घरात पैसे कमी पडले की आई लाईटबिल भरते, किराणा आणते, आणि पेपर बंद करते, पार्लर पुढे ढकलते. शरीर डिट्टो तेच करतं. तुम्ही जेवढं जाळता तेवढं खात नाही, तर हृदय-मेंदू चालू ठेवायला ते बाकीचा खर्च कापतं, आणि पाळी ह्या कापाकापीत खूप लवकर जाते. पाळीबरोबर इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं. हे हाडांसाठी लागतं. हाड म्हणजे एकदा बांधली की झाली अशी भिंत नसते, रोज थोडं झिजतं, रोज थोडं भरतं, आणि झीज आवरून धरायचं काम इस्ट्रोजेन करतं. ते कमी झालं की झीज जास्त, भर कमी. आणि नेमक्या त्याच महिन्यांत मी डांबरी रस्त्यावर रोज सहा किलोमीटर तेच हाड आपटत होते. ह्याला नाव आहे. आधी फीमेल ॲथलीट ट्रायड म्हणायचे, २०१४ला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने रेड-एस (खेळणाऱ्या शरीराला ऊर्जा कमी पडणं) असं मोठं नाव दिलं, कारण ह्यात फक्त पाळी आणि हाडं नाहीत, झोप, मूड, इम्युनिटी सगळंच येतं, आणि मुलांनाही होतं. मला हे नाव तीन महिने आधी माहीत असतं तर निदान गूगल तरी केलं असतं.

सप्टेंबरमध्ये डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. आधी सगळ्या कडेला, पळताना सुरू व्हायचं आणि गरम झालं की जायचं. मग ते आकसत आकसत एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर आलं. तिथे बोट ठेवलं की डोळ्यात पाणी. मग रात्री पडल्या पडल्या ठणकायला लागलं. मी काय केलं? स्प्रे, क्रेप बँडेज, वर शिनपॅड, कोणाला काही सांगायचं नाही, लिस्ट लागायची होती. कुणीतरी मालिशवाल्याकडे नेलं, त्याने नस चढलीय म्हणून असं दाबलं की मी किंचाळले. माझं स्पष्ट मत आहे, दुखऱ्या हाडावर मालिश करणाऱ्याकडे जायचं नाही, तो कितीही पैलवानांना बरं केलेला असो.

इंटर-कॉलेजच्या दुसऱ्या मॅचला एका साध्या क्लिअरन्सनंतर (बॉल लांब मारल्यावर) पाय टेकवताच येईना. एक्सरे काढला, क्लीन. झालं, मग नाटक करते असं ऐकून घेतलं. आता हेही लक्षात ठेवा, स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे तोच ताण पुन्हा पुन्हा पडून हाडाला गेलेली बारीक चीर, पहिले दोन-तीन आठवडे एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही. एक्सरे क्लीन म्हणजे हाड क्लीन असं नाही. दहा दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला, त्यात दिसलं. त्या डॉक्टर मॅडमनी पायाआधी विचारलं, शेवटची पाळी कधी आली. मला वाटलं ह्यांचा काय संबंध, हाडाच्या डॉक्टर ना. आई शेजारी बसलेली, तिला तिथेच पहिल्यांदा कळलं.

सहा आठवडे पळणं बंद, परत मॅच खेळायला पाच महिने. टीम युनिव्हर्सिटीच्या टूरला गेली, ट्रेनमधले फोटो ग्रुपवर येत होते, मी ग्रुप म्यूट केला आणि दर दहा मिनिटांनी उघडून बघत होते.

मध्येच अजून एक. काकूच्या सल्ल्याने मी पाळी आणायच्या गोळ्या घेतल्या होत्या, ऑक्टोबरमध्ये. रक्तस्राव आला आणि घरात सगळे रिलॅक्स. मॅडम म्हणाल्या ती गोळीने आणलेली, तुझी नाही, खाणं जिथे होतं तिथेच आहे. गोळीमुळे कॅलेंडर बरोबर दिसतं आणि मूळ प्रश्न झाकला जातो. माझी स्वतःची जानेवारीत आली, तीनदा पोटभर जेवायला लागल्यावर, वजन ५६ असताना. मी बाथरूममध्ये रडले, आनंदाने.

घाबरवायचं नाहीये. एक महिना पुढेमागे झाला तर लगेच हाड मोडत नाही, परीक्षा, प्रवास, ताप, कशानेही होतं. आणि पाळी चुकायला पीसीओएस, थायरॉईड अशी दुसरी कारणंही असतात, म्हणून स्वतः डॉक्टर बनू नका. पण तारीख लिहून ठेवा, फोनमध्ये, वहीत, कुठेही. तीन महिने नाही आली तर लाज सोडून दाखवा. वजन मुद्दाम कमी करत असाल, पळणं वाढवलं असेल तर तीन महिनेसुद्धा थांबू नका. कोच पुरुष असेल आणि बोलायला ऑकवर्ड वाटत असेल तर मला सांगा, मी बोलते. आत्ताचे सर समजूतदार आहेत, वजनकाटा सगळ्यांसमोर बंद केलाय, तरी पहिलं वाक्य बोलायला मला घाम फुटतोच.

मग तयारी कशी करायची? ट्रायल्सच्या दोन आठवडे आधी जागं व्हायचं नाही, सहा आठवडे तरी द्या. रोज लांब पळणं हा मुलांच्या पोलीस भरतीतून आलेला रोग आहे असं मला वाटतं. मॅचमध्ये एकूण नऊ-दहा किलोमीटर होतात खरे, पण ते चाल, जॉग, स्प्रिंट, थांबा, वळा असे तुकड्यांत. यो-यो टेस्टही तशीच, वीस मीटर जा, वीस मीटर या, दहा सेकंद दम, पुन्हा. तर ग्राउंडवर तुकड्यांत पळा, थोडं थोडं वाढवा, आणि आठवड्यातला एक दिवस पूर्ण झोपा काढा. वॉर्मअपला फिफाचं ११+ करा, वीस मिनिटं लागतात, सुरुवातीला पळणं, मग प्लँक, नॉर्डिक हॅमस्ट्रिंग, एका पायावर तोल, स्क्वॉट, उड्या, शेवटी फास्ट पळणं. बोअर आहे, मान्य. पण मुलींना गुडघ्याची एसीएल दुखापत (आतला लिगामेंट फाटणं) मुलांपेक्षा जास्त होते आणि आपल्या मातीत स्टड अडकून पाय तिथेच राहतो, शरीर फिरतं. आठवड्यातून दोनदा तरी नीट केलं तर फरक पडतो. रीलवरचे सिक्स पॅकवाले दादा हे शिकवत नाहीत कारण ह्यात व्ह्यूज नाहीत.

खाण्याचं. आपण इंदुरात राहतो, इथे उपाशी राहणं हा तसाही गुन्हा आहे. सकाळी पोहे खा, दाणे घालून, वर लिंबू पिळून, लिंबाने पोह्यातलं लोह नीट अंगी लागतं. बरोबरचा चहा मात्र तासभर पुढे ढकला, तो लोह अडवतो. (मला स्वतःला अजून जमत नाही, अर्ध्या तासावर आलेय.) प्रॅक्टिसनंतर अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी पोटात जाऊ दे, दूध-केळं, उकडलेली अंडी, दाण्याचा लाडू, चणे, घरी जे असेल ते. प्रोटीनचा डबा घेण्याआधी रात्रीची पोळी-वरण सुरू करा, डब्याच्या पैशात दोन महिन्यांची अंडी येतील. हिमोग्लोबिन एकदा तपासा, १२ च्या खाली असेल तर कितीही पळा, दम लागणारच.

उपास करायचाच असेल तर करा, मी कोण सांगणारी, पण त्या दिवशी प्रॅक्टिस हलकी ठेवा आणि मला आधी सांगा. आणि सावन-श्रावण दोन्ही करू नका गं, एक काहीतरी निवडा. आजीला मी स्वतः जाऊन विचारलं होतं, ती म्हणाली मला कुठे माहीत होतं तू तिकडचेपण करतेस, मी तर तुला मुद्दाम जास्त तूप वाढत होते. ते तूप मी टिश्यूने पुसायचे.

सीनियरचं किती ऐकायचं हे शेवटचं. स्टड, किट, कुठल्या टीचरची अटेंडन्स कडक, ह्यात सीनियर देव. शरीराच्या बाबतीत सीनियर म्हणजे तुमच्यासारखीच एक मुलगी, जिला कोणी नीट सांगितलेलं नाही, आणि ह्यात मीपण आले. मला म्हणाली होती ना ती, होतंच म्हणून? तिला गेल्या वर्षी पायाच्या पंजात तसंच फ्रॅक्चर निघालं. फोन करून म्हणाली, तुझ्या त्या मॅडमचा नंबर दे.

मंगळवारपासून सकाळी साडेसहा, ग्राउंडवर. रात्री पाऊस झाला असेल तर लांब स्टड आणा आणि चिखल खरवडायला एक जुना टूथब्रश. काहीतरी खाऊन या. नसेल जमलं तर माझ्या बॅगेत केळी असतात, न विचारता घ्या.