बिनपंख्याचा राउटर-डबा घेताना मी काय पाहिलं

आमचं घर अकोल्यात, वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. नवतप्यात दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. मी घरूनच काम करते आणि सासूबाईंच्या मालिकाही आता नेटवरच चालतात. नेट कंपनीच्या राउटरऐवजी स्वतःचा फायरवॉल, म्हणजे नेट आणि घर यांच्यामध्ये पहारा देणारा छोटा संगणक-डबा, बसवायचं ठरवलं तेव्हा माझा पहिला प्रश्न वेगाचा नव्हता. मे महिन्यात हा डबा टिकेल का, एवढंच मला हवं होतं.

सुरुवातीला घरातला जुना डेस्कटॉपच वापरून पाहिला. वर्षभराने त्याचा पंखा उघडला, तर पात्यांवर नमद्यासारखा थर. आमच्याकडे चार महिने कुलर चालतो. त्याच्या दमट हवेनं धूळ नुसती बसत नाही, चिकटून राहते. शिवाय साठ वॅटचं यंत्र चोवीस तास चालवलं की वर्षाला ५२६ युनिटं होतात. दहा वॅटच्या छोट्या डब्याला ८८ पुरतात.

बिनपंख्याच्या डब्यात अ‍ॅल्युमिनियमचं कवचच उष्णता बाहेर टाकतं. म्हणून चालू डब्याला हात लावून बघा. कवच चांगलं तापलेलं असेल तर घाबरू नका, आतली उष्णता बाहेर येतेय. स्क्रीनवर प्रोसेसर ८५ अंश दाखवतोय आणि कवच मात्र कोमट, असं असेल तर आत काहीतरी चुकलंय. माझ्या डब्यात तेच झालं होतं. खालचे चार स्क्रू काढून पाहिलं, तर थर्मल पेस्टचा, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कवचाकडे नेणाऱ्या लेपाचा, ठिपका एका कोपऱ्यातच लागलेला. जुनी पेस्ट पुसून नवी लावली, तेव्हा आकडा पंधरा अंशांनी उतरला. बायोसमध्ये, म्हणजे डबा चालू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, प्रोसेसरची वीजमर्यादाही बघून घ्या. अशा डब्यांत येणारा इंटेल एन१०० प्रोसेसर कागदावर ६ वॅटचा आहे, पण काही डब्यांत ती मर्यादा बरीच वर ठेवलेली असते. ती उतरवली तरी घरगुती नेटला फरक पडत नाही.

डबा बंद कपाटात किंवा फायबरच्या डब्याच्या डोक्यावर ठेवू नका. भिंतीवर लावा, कवचाच्या फासळ्या उभ्या राहतील अशा, म्हणजे गरम हवा सरळ वर जाते.

आता पोर्ट, म्हणजे नेटची केबल लावायच्या खाचा. दोन लागतातच, एक बाहेरच्या नेटला, एक घराला. चार मिळाले तर कॅमेरे आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळ्या जाळ्यात टाकता येतं. पण पोर्ट मोजण्याआधी त्यामागची चिप कोणती ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. ओपीएनसेन्स आणि पीएफसेन्स ही फायरवॉलची दोन्ही सॉफ्टवेअरं फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात आणि तिथे इंटेलच्या चिप बिनबोभाट चालतात. इंटेलची आय२२६-व्ही चिप असेल तर घ्या. आय२२५-व्हीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये दोष होता, त्यामुळे जुना माल स्वस्तात मिळाला तरी मी घेणार नाही.

नेट युजरनेम-पासवर्ड टाकून, म्हणजे पीपीपीओईनं जोडलं जात असेल, तर आणखी एक गोष्ट. फ्रीबीएसडीवर त्याची येणारी सगळी वाहतूक सहसा प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (काम करणाऱ्या भागावर) पडते. म्हणून किती कोअर आहेत यापेक्षा एक कोअर किती दमाचा आहे ते महत्त्वाचं. माझं कनेक्शन २०० एमबीपीएसचं आहे, त्याला इंटेलचा जुना जे४१२५ प्रोसेसरसुद्धा पुरतो. एक जीबीपीएस घेणार असाल तर एन१०० बरा.

रॅम ८ जीबी आणि एसएसडी १२८ जीबी पुष्कळ झालं. मात्र बरेच डबे रॅमशिवाय येतात, आणि एन१००चे काही बोर्ड डीडीआर४ घेतात, काही डीडीआर५ जातीची रॅम. चुकीची पट्टी खाचेत बसतच नाही, तेव्हा आधी विचारा. वायफाय डब्यात शोधू नका. जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय पसरवायला, लावला की काम भागतं.

लाइट जाणं हा आमच्याकडचा रोजचा प्रश्न. बायोसमध्ये वीज परतल्यावर आपोआप चालू होण्याची सोय असलेलाच डबा घ्या. आणि अडाप्टर १२ व्होल्टचा बघा, म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरीवर चालवणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस थेट जोडता येतो. यूपीएस किती अँपिअर देतो आणि पिन बसते का, एवढं तपासा.

डबा आला की परत करायची मुदत संपायच्या आत दोन गोष्टी करा. रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, लावून ठेवा. मग घरातल्या सगळ्यात तापलेल्या खोलीत, भर दुपारी, सगळी उपकरणं चालू असताना मेन स्विच पाडा आणि दहा मिनिटांनी चढवा. कुणीही डब्याला हात न लावता नेट परत यायला हवं. नाही आलं, तर त्याच संध्याकाळी खोक्यात भरून पाठवून द्या.