संगीताचा क्लास लावण्याआधी

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की गिरगाव, दादर, पार्ले, मुलुंड येथील संगीतवर्गांत नव्या विद्यार्थ्यांची गर्दी होते आणि बहुतेक घरांत पहिला प्रश्न ‘सर कोणते चांगले’ हाच विचारला जातो. तो प्रश्न जरा मागे ठेवावा. त्याआधी घरातच बसून हे ठरवावे की, आठवड्यातल्या ज्या पाच दिवशी वर्ग नसेल त्या दिवशी शिकणारी व्यक्ती रियाज नेमका कधी आणि कुठे करणार आहे. दोन खोल्यांच्या घरात एकीकडे दूरदर्शन संच, दुसरीकडे कोणाचा तरी दहावीचा अभ्यास आणि मधे आजोबांची दुपारची झोप, यांतून वीस मिनिटांची जागा काढता येत नसेल, तर कितीही नामवंत गुरू मिळाले तरी उपयोग होत नाही, कारण वर्गात धडा मिळतो, तो गळ्यावर किंवा हातात बसतो घरीच. तबला शिकायचा असेल, तर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी वेळ आधीच बोलून ठेवावी.

यानंतर अंतर पाहावे. बोरिवलीहून दादरला संध्याकाळच्या लोकलने मुलाला नेणे पहिले दोन महिने उत्साहाने जमते. पावसाळ्यात गाड्या रखडू लागल्या की खाडे सुरू होतात. घरापासून चालत पंधरा मिनिटांवरचा मध्यम कीर्तीचा शिक्षक मी नेहमीच अधिक पसंत करीन. ऑनलाइन वर्ग रागाची माहिती, बंदिश आणि ऐकून गिरवणे यांसाठी ठीक आहे, परंतु आवाज पोहोचायला क्षणाचा उशीर होत असल्याने गुरूबरोबर ठेक्यावर एकत्र गाता-वाजवता येत नाही, हे लक्षात ठेवावे.

शिक्षकांना भेटायला जाताना प्रश्न मनाशी जुळवून जावे. एका तुकडीत किती मुले असतात, शिक्षक प्रत्येकाचे स्वतंत्र ऐकतात की सगळ्यांकडून एकत्र म्हणवून घेतात, लहान मुलाच्या तासाला पालकांना बसू देतात का, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करू देतात का, आणि गणपती-दिवाळीत बुडालेले तास भरून देतात का. शक्य झाल्यास एक तास नुसता बसून पाहावा. त्या तासात शिक्षक चूक झालेल्या मुलाला थांबवून नेमके काय सुधारायचे ते सांगतात की पुढे निघून जातात, एवढे पाहिले तरी पुरे. तीन महिन्यांचे शुल्क एकदम भरण्याची घाई मात्र करू नये.

परीक्षांबद्दलही घरात आधीच एकमत हवे. शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षा घेणारे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ 1931 पासून काम करीत आहे. मंडळाच्या परीक्षांची वाट प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण अशी विशारदपर्यंत जाते. पियानो, गिटार किंवा व्हायोलिन शिकणाऱ्यांसाठी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या श्रेणी-परीक्षा मुंबईत रुळलेल्या आहेत. दहावीच्या वाढीव गुणांसाठी मुलांना परीक्षांना बसवणारे पालक पुष्कळ आहेत, आणि त्यात गैर काही नाही. पण तसे असेल तर शिक्षकांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे. नाहीतर एकजण वर्षभर यमन रागाचे आलाप घोटवत राहतो आणि दुसऱ्याला परीक्षेचा अर्ज भरायची घाई असते.

मोठ्यांची तयारी वेगळी. चाळिशीनंतर गाणे शिकू इच्छिणाऱ्यांनी शक्यतो मुलांच्या तुकडीत बसू नये, कारण तेथे बायका-मुलांच्या सोयीची काळी चार किंवा पाच ही पट्टी (गाण्याचा आधारस्वर; तो हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रमांकाने सांगतात) धरलेली असते आणि पुरुषाच्या गळ्याला साधारणपणे काळी एक-दोनच्या आसपास मोकळे वाटते. पहिल्या तासालाच आपली पट्टी निश्चित करून घ्यावी आणि तंबोऱ्याचे ॲप त्याच पट्टीत लावून ठेवावे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटत असेल, तर त्या काळात गाण्याचा आग्रह न धरता हार्मोनियम किंवा तबल्याकडे वळवलेले बरे.

वाद्य विकत घेणे सर्वांत शेवटी. आमच्या घरी हौसेने पूर्ण मापाचे गिटार आणले गेले, आठ वर्षांच्या मुलीचा हात त्याच्या मानेभोवती पुरेना, आणि ते दोन वर्षे कपाटावर पडून राहिले. लहान मुलांसाठी पाऊण किंवा अर्ध्या मापाची गिटारे मिळतात, व्हायोलिन तर त्याहूनही लहान मापांत मिळते. माप शिक्षकांनी पाहून सांगितल्यावरच दुकानात जावे. तबल्याची जोडी घेताना गाण्याची पट्टी कोणती, हे दुकानदाराला सांगावे लागते, कारण उंच सुराचा दायां (उजव्या हाताने वाजवायचा तबला) तोंडाने लहान असतो आणि खालच्या सुराचा मोठा. मुंबईत वाद्य जपणे हे स्वतंत्र काम आहे: जुलैच्या दमट हवेत तबल्याचे चामडे सैल पडते आणि सूर उतरतो, गिटारच्या पोलादी तारांना समुद्रकाठच्या घरांत लवकर गंज चढतो, हार्मोनियम उघडी राहिली तर तिच्या आतल्या सुरांना, म्हणजे स्वर देणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना, ओल धरते. म्हणून वाद्यासोबत जाड खोळ घ्यावी, ते खिडकीपासून आणि वातानुकूलन यंत्राच्या थेट झोतापासून दूर ठेवावे, आणि तबला सुरात मिळवून देणारा, पुडी (तबल्यावरचे चामडे) बदलून देणारा कारागीर जवळपास कुठे बसतो, ते शिक्षकांनाच पहिल्या आठवड्यात विचारून घ्यावे.