ससा आणायच्या आधीची तयारी (पहिल्या वेळी चुकलेली)

पुढच्या महिन्यात आमच्याकडे परत ससा येतोय. पहिली होती टोपी, हॉलंड लॉप जातीची. दोन्ही कान गालांवरून खाली लोंबायचे, थंडीत आजोबांनी कानटोपी ओढून घ्यावी तसे. म्हणून कानटोपी, आणि आठवड्याभरात नुसतीच टोपी. तिला आणलं तेव्हा माझी यादी दोन पानी होती. पिंजरा, भांडी, गादी, गळ्यात घुंगरूसुद्धा (अक्कल तेवढीच होती). त्या दोन पानांत डॉक्टर कुठेच नव्हता.

म्हणून या वेळी पहिली ओळ: डॉक्टर. ससे बघणारा डॉक्टर, आणि तो ससा घेण्याआधी शोधायचा. कुत्र्यामांजरांचे कितीतरी चांगले डॉक्टर सरळ सांगतात की आम्ही ससे घेत नाही. त्यात त्यांचं काही चुकत नाही, पण हे आपल्याला लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेनऊला कळू नये. मला तेव्हाच कळलं. सकाळपासून टोपीने तोंडाला काही लावलं नव्हतं. फटाक्यांना घाबरली असेल, म्हणत मी दिवसभर फराळाच्या गडबडीत. संध्याकाळी ट्रे झाडायला घेतला तर लेंड्या मोजून सात, एरवी हरभऱ्याएवढ्या असतात त्या मिरीएवढ्या झालेल्या. ती कोपऱ्यात अंग चोरून बसलेली, दात करकर वाजत होते. सशाचं आतडं सतत चालू लागतं. ते थांबलं की पोटात वायू धरतो, आणि सशाला ओकताही येत नाही. दहा-बारा तास खाल्लं नाही म्हणजे तातडीचं दुखणं, उद्या बघू म्हणायचं नाही. मी सहा ठिकाणी फोन केले. तीन बंद, दोघांचं ‘ससे नाही’, एकाने सकाळी या म्हटलं. सकाळपर्यंत ती राहिली नाही.

तर आधी फोन करा आणि तीन गोष्टी विचारा. महिन्याला साधारण किती ससे येतात? रात्री-सणाला कोण भेटेल? आणि ऑपरेशनच्या आधी सशाला उपाशी ठेवायचं का? तिसऱ्याला ‘हो, रात्रभर’ असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा. ज्याला ओकताच येत नाही त्याला उपाशी ठेवून काय मिळणार, उलट आतडं मंदावतं. घरातली उरलेली अँटिबायोटिकं तर मुळीच नकोत. अमॉक्सिसिलीनसारखं औषध तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि मागोमाग ससाही. मिळालेला नंबर फ्रीजवर चिकटवा. मोबाइलमध्ये नको, फ्रीजवर. आपण घरी नसताना ससा आजीपाशी असतो.

आता ससा. ‘एवढाच राहतो’ असं विकणारा म्हणणारच. पूर्ण वाढलेला हॉलंड लॉप पावणेदोन-दोन किलोच्या आतबाहेर भरतो, पण पिल्लं सगळीच मुठीएवढी दिसतात आणि लॉपचे कानही काही आठवड्यांनी खाली येतात. शक्यतो आईबाप बघा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. ससा आठ-दहा वर्षं जगतो. मुलाचा हट्ट तेवढा टिकेल का ते तुमचं तुम्ही बघा. आणि शेतात सापडलेलं रानसशाचं पिल्लू उचलून आणू नका, तो वेगळा प्राणी आहे आणि कायद्याने संरक्षित आहे.

जागा मोठी हवी, तळाला जाळी नको, पावलांना जखमा होतात. पाणी, ट्रे, वगैरे समजतंच. वायरी झाका. सगळ्या. चार्जरची वायर टोपीने एका चाव्यात कापली होती.

खाण्यात गवत, गवत, गवत. ताटातला मोठा वाटा सुक्या गवताचाच, कारण दात जन्मभर वाढतात आणि ते झिजवायला गवतच लागतं. टिमोथी नावाचं सुकं गवत ऑनलाइन मिळतं, महाग आहे. धुऊन निथळलेली हरळीही चालते. गणपतीत दूर्वांच्या जुड्या घेता तशी फुलवालीकडून रोज घेता येते, फक्त फवारलेली नको. लसूणघास (ल्युसर्न नावाचा चारा, लसूण नव्हे) पिल्लांना ठीक, सहा महिन्यांनंतर बंद. त्यातल्या कॅल्शियमने लघवी गढूळ होते. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला द्या. गाजर म्हणजे सशाची जिलेबी, तेवढंच द्या. पोळी, बिस्किट, कांदा, लसूण नाही. पाहुण्यांना हे दाराशीच सांगा.

लोंबत्या कानांचं वेगळं सांगते. कानाची नळी मुडपते, मळ आत साठतो आणि बाहेरून काही दिसत नाही. आठवड्यातून एकदा कान उचलून वास घ्या. घाण वास, डोकं झटकणं, मान एका बाजूला कलणं: डॉक्टर. आपण काडी घालायची नाही. चेहरा आखूड असल्याने दातही वाकडे वाढतात, लाळेने हनुवटी ओली दिसली की परत डॉक्टर. फ्रीजवर नंबर लावला ना?

उचलताना मागच्या पायांखाली हात. लटकवलं तर तो लाथ झाडतो आणि स्वतःचाच कणा मोडून घेतो. मुलांनी खाली बसूनच खेळायचं.

उन्हाळा: सशाला घाम येत नाही, तिशीच्या पुढे पारा गेला की धोका. शहाबादी फरशी, पंखा, बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून. आंघोळ कधीच नाही.

मादी असेल तर नसबंदी, गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण फार. नर-मादी एकत्र ठेवू नका, महिन्याभरात पिल्लं. तांबडी लघवी बहुतेक वेळा पाल्याच्या रंगाची. मऊ लेंड्या स्वतःच खातो, खाऊ द्या. नखं कापा. दर रविवारी किचनच्या काट्यावर वजन.

गावाला जाताना कोणाकडे ठेवणार ते आधी ठरवा, आणि त्यांच्याही फ्रीजवर तो नंबर लावून या.